उशिरा आलेल्या बायका

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणजे डॉक्टरांनी ‘मॅडम, हिच्याशी जरा बोलून घ्या’ म्हटलं की बोलून घ्यायचं, कागद जमवायचे, पोलीस चौकी आणि बालकल्याण समितीकडे चकरा मारायच्या, नातेवाइकांची समजूत काढायची. बरीचशी नोकरी स्त्रीरोग विभागाच्या आसपास गेली. त्यातही पाचवा-सहावा महिना उलटल्यावर ‘मोकळी करा’ म्हणत आलेल्या बायका-मुलींशी माझा जास्त संबंध आला.

उशिराच्या गर्भपातावर वाद रंगतो तेव्हा एकीकडे बाईचा हक्क आणि दुसरीकडे पोटातल्या जीवाचा हक्क, असे दोनच पक्ष उभे केले जातात. वॉर्डात मला कायम तिसराच पक्षकार दिसत आला. तो म्हणजे उशीर. तो कसा झाला, कुणी केला, याची चौकशी होत नाही आणि त्याचा दंड मात्र बाईच भरते. या कामात नव्याने लागलेल्या मुली विचारतात, ‘मॅडम, अशा केसमध्ये बरोबर काय?’ त्यांच्यासाठी हे मुद्दे मांडून ठेवतेय.

१. ‘इतके दिवस काय करत होतीस?’ हा पहिला प्रश्न नसावा

आपल्यापर्यंत पोचेस्तोवर केस पेपर काढणाऱ्यापासून ओपीडीतल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी तिला हे विचारून झालेलं असतं. उत्तरं साधीच असतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी मुळात सुरूच झालेली नसते, मग ती चुकली हे तिला कळावं कसं? पंचेचाळिशीच्या बाईला वाटतं, पाळी जायला लागली. कुणी मेडिकलमधून आणवलेल्या गोळ्या घेतलेल्या असतात. थोडं अंगावरून गेलेलं असतं आणि ‘निपटलं एकदाचं’ या समजुतीत तीन महिने निघून जातात. पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला मुलीचा ड्रेस घट्ट होताना दिसतो, पण मनात आलेला विचार ती तिथेच दाबून टाकते.

बीडकडची एक बाई आठवते. दसऱ्यानंतर नवरा-बायको ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेली. दिवस गेलेत हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं होतं. पण मुकादमाची उचल अंगावर होती, आणि ती एक दिवस बसली की अख्खा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडीच, बसली. ‘मॅडम, फडावर कुठला आलाय दवाखाना? पट्टा पडला, गावाकडं आले, नि तशीच इकडं आले,’ ती म्हणाली. तिला उशीर झाला होता हे खरं. पण तो हंगामाचा होता, उचलीचा होता, तिच्या एकटीचा नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणातही हेच होतं. बाई दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू, धाकटं मूल अंगावर पिणारं. त्यामुळे पाळी नाही आणि गर्भ राहिल्याचा पत्ता नाही. कळलं तेव्हा चोवीस आठवडे उलटले होते.

२. कायदा बाईला तीन वाक्यांत सांगता आला पाहिजे

वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि तिची परिस्थिती नियमांत सांगितलेल्या गटांत बसावी लागते. चोवीसच्या पुढे फक्त गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ परवानगी देतं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर यातली कुठलीच मर्यादा लागू नाही. तीनची चार वाक्यं झाली, पण चौथं गाळून चालत नाही.

ही २०२१ च्या दुरुस्तीनंतरची रचना. मूळ कायदा १९७१ चा. त्याच्या आधी महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली होती. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे तिच्यापुढचं कारण होतं. वीस ते चोवीसच्या गटांत बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात दोष असलेली, आपत्तीत सापडलेली अशा बायका येतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही त्यात जागा दिली, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरायला सांगितला.

नव्या मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडे ‘गर्भपाताचा हक्क’ म्हणून जे बोललं जातं ते कायद्यात तसं लिहिलेलं नाही. दंड संहितेत गर्भपात अजूनही गुन्हा आहे. पूर्वीचं कलम ३१२, आता भारतीय न्याय संहितेचं ८८. त्यात बाई स्वतःही आरोपी होऊ शकते. १९७१ च्या कायद्याने अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्या गुन्ह्यातून सूट दिली, इतकंच. डॉक्टर आधी स्वतःकडे का बघतात आणि मग पेशंटकडे, याचं मूळ इथे आहे.

३. चोवीस आठवड्यांची रेघ वाटते तितकी बारीक नाही

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तारीख किती जणी सांगतात? ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी’, ‘गणपती बसले त्याच्यानंतर’, ‘नणंदेच्या लग्नात बाजूला बसले होते तेव्हा’. माझ्या टेबलावर कायम कालनिर्णय असायचं. त्यावर बोट फिरवत आम्ही दोघी मिळून तारीख काढायचो.

मग सोनोग्राफी. पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनचा अंदाज साधारण आठवडाभरात चुकतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिलाच स्कॅन होत असेल तर फरक दोन आठवड्यांवर जाऊ शकतो. म्हणजे जिच्याकडे आधीचा एकही स्कॅन नाही, तिच्याच बाबतीत मोजणी सगळ्यात ढोबळ, आणि तिच्याच बाबतीत एकेका दिवसावर सगळं अडलेलं. रिपोर्टवर ‘२४ आठवडे ३ दिवस’ छापून आलं की तो आकडा दगडावरची रेघ होऊन बसतो. नीतीचा वाद या आकड्यावर उभा करणाऱ्यांनी तो आकडा कसा तयार होतो हे एकदा बघावं.

४. दोष कळायलाच वेळ लागतो

गर्भातले मोठे दोष दाखवणारा स्कॅन अठरा ते वीस आठवड्यांत होतो, कारण त्याआधी अवयव नीट दिसत नाहीत. त्यात शंका आली की मोठ्या शहरात दुसरा स्कॅन, हृदयाचा वेगळा, गर्भजल तपासायला पाठवलं तर निकालाला आणखी दोन-तीन आठवडे. सगळं वेळेवर केलेल्या शिकल्या-सवरलेल्या बाईचेही असे बावीस-तेवीस आठवडे होतात. जुन्या कायद्याची मर्यादा मात्र विसाला संपत होती.

२००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांचं प्रकरण गाजलं ते यामुळेच. चोवीस आठवडे उलटलेले, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष. पती आणि डॉ. निखिल दातार यांच्यासह त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्टमध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि त्याच महिन्यात त्यांचा गर्भ आपोआप पडला. त्यानंतर कायदा बदलायला तेरा वर्षं लागली. मधल्या काळात किती तरी बायका एकेकटीने कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. डोक्याची कवटी आणि मेंदू तयारच न झालेल्या गर्भासाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागत होतं.

अशा जोडप्यांसाठी मूल हवंहवंसं असतं, नाव ठरलेलं असतं, हे विसरू नये. त्यांच्याशी ‘नको असलेला गर्भ’ या भाषेत बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. आमच्याकडे एका आईने आधीच बजावलं होतं, ‘झाल्यावर मला दाखवा. लपवून नेऊ नका.’ तोपर्यंत असं दाखवायची पद्धत नव्हती. सिस्टरने हिरव्या कापडात नीट गुंडाळलं, डोक्यावरून कापडाचा पदर घेतला आणि तिच्या हातात दिलं. तिने बोटं मोजली, पायाचीसुद्धा. त्यानंतर आम्ही प्रत्येकीला विचारायला लागलो.

५. पोटातल्या जीवाबद्दल खोटं बोलायचं नाही

माझ्या, म्हणजे बाईच्या हक्काच्या, बाजूने बोलणारे काही जण सहाव्या महिन्यातल्या गर्भालाही ‘पेशींचा गोळा’ म्हणतात. आठव्या आठवड्याला ते चालून जाईल. चोविसाव्या आठवड्यात त्याचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असतं, आईला त्याचं हलणं महिनाभर तरी आधीपासून कळत असतं. समोरची बाई स्वतःच ‘बाळ फिरतंय’ म्हणत असते. तिच्यापुढे आपण गोळा म्हटलं तर तिचा आपल्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

प्रक्रियाही लपवू नये. साधारण बावीस आठवड्यांच्या पुढे, गर्भ जिवंत बाहेर येऊ नये म्हणून, सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड दिलं जातं. मग गोळ्या, मग कळा. बाईला बाळंतपणच करावं लागतं, फक्त शेवटी रडण्याचा आवाज येत नाही. दोन-तीन दिवसांनी छातीत दूध दाटतं. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, आणि बाया त्या दुधाने जितक्या खचतात तितक्या कळांनी खचत नाहीत. दूध आटवायची गोळी असते. ती डिस्चार्जच्या दिवशी द्यायची नसते, वेळेवर द्यायची असते. कागदावर ती लिहिली आहे का हे आपण बघायचं.

हे सगळं हाताने करणाऱ्या माणसांचंही मन असतं. आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर बारा आठवड्यांच्या केसला कधी मागे हटल्या नाहीत. पण मोठ्या महिन्यांच्या केसला त्या म्हणायच्या, ‘मॅडम, माझ्याच्याने होत नाही. पण त्या बाईला कुणी टाकून बोललेलं मी खपवून घेणार नाही.’ इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्यात सद्सद्विवेकापोटी नकार देण्याची मुभा आहे, आपल्या कायद्यात तसं कलम नाही. आमच्याकडे बायांनीच आपापसांत ड्युट्या बदलून तो प्रश्न सोडवला होता. नैतिक प्रश्नाचं इतकं सुसंस्कृत उत्तर मी परिसंवादात ऐकलेलं नाही.

राहिला ‘बाहेर जगू शकेल असा गर्भ’ हा मुद्दा. अमेरिकेत १९७३ पासून २०२२ पर्यंत, गर्भपाताचा हक्क मान्य करणारा ‘रो’ निकाल उलटवला जाईपर्यंत, सगळा वाद त्याच्याभोवती फिरला. इंग्लंडने १९९० मध्ये चोवीस आठवडे धरले, त्यामागेही तोच विचार. पण जगणं हे फक्त आठवड्यांवर ठरत नाही. व्हेंटिलेटर, फुप्फुसं उघडणारं औषध आणि रात्री जागा असलेला बालरोगतज्ज्ञ जिथे आहे तिथे सव्वीस आठवड्यांचं बाळ जगू शकतं. तालुक्याच्या ठिकाणी तेच बाळ रुग्णवाहिकेत जातं. मग त्याचा नैतिक दर्जा पत्त्यावर ठरवायचा का? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला दोन्ही बाजूंकडून मिळालेलं नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर, गर्भ वाढत जातो तसं त्याचं नैतिक वजनही वाढत जातं असं मी मानते. पंचविसाव्या आठवड्याला लागणारं कारण दहाव्यापेक्षा भारी हवं. माझा वाद पुढच्या प्रश्नावर आहे: ते वजन करायचं कुणी?

६. मंडळ मत देतं, दिवस मात्र बाईचे जातात

नियमानुसार वैद्यकीय मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी असेल तर पाच दिवसांत प्रक्रिया पार पाडायची. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट असतात. एक रजेवर, दुसऱ्याची परीक्षेची ड्युटी, फाइल अधिष्ठात्यांच्या सहीला. प्रकरण कोर्टात गेलं तर आणखी तारखा. असा आठवडा सरला की तोच आठवडा तिच्याविरुद्धचा मुद्दा बनतो: ‘आता फारच पुढे गेलंय.’

कोर्टांनी दोन्ही बाजूंचे निकाल दिले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे बत्तीस आठवड्यांच्या पुढची बाई होती, गर्भात गंभीर दोष. मंडळाने ‘इतक्या उशिरा नको’ असं मत दिलं होतं. न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. दिगे यांच्या खंडपीठाने परवानगी दिली आणि निवड बाईची आहे, मंडळाची नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात मात्र उलट घडलं. मी वर सांगितलेल्या त्या दोन मुलांच्या आईला आधी परवानगी मिळाली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की गर्भाचं हृदय बंद करायचं की नाही, आणि दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं. शेवटी तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भात दोष नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, आणि धडधडतं हृदय थांबवायला सांगणं योग्य नाही, असा त्याचा रोख होता.

या निकालाला क्रूर म्हणायला माझी जीभ धजत नाही. न्यायमूर्तींची अडचण खरी होती. गर्भाला न मारता बाहेर काढायचं तर सव्वीस आठवड्यांचं, कदाचित जन्मभर आजारी राहील असं मूल जन्माला घालायचं. ‘मधला मार्ग’ म्हणून सुचवला जाणारा हा मार्ग दोघांनाही सगळ्यात महाग पडतो. पण मग पुढचे तीन महिने ती औषधांवरची बाई कशी काढणार, तिची दोन लेकरं कोण बघणार, याचं उत्तर ‘खर्च सरकार करील’ एवढ्यात संपत नाही.

एप्रिल २०२४ मधलं प्रकरण आपल्याच राज्यातलं. चौदा वर्षांची अत्याचारपीडित मुलगी, जवळपास तीस आठवडे. उच्च न्यायालयाने नाकारलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने दिली. आठवड्याभरात आई-वडिलांना मुलीच्या जिवाची धास्ती वाटली, मुलीचंही मन तसंच झालं, आणि न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. काहींना हा घोळ वाटला. मला यात शहाणपण दिसलं. गर्भ ठेवायचा की नाही याची संमती गर्भार बाईचीच, आणि मंडळाने नुसतं कलम उतरवून न काढता तिच्या शरीर-मनाचं काय होईल ते लिहावं, असं त्या निकालात सांगितलं आहे.

७. ‘ठेवायचंय’ म्हणणारीच्याही पाठीशी उभं राहायचं

निवड म्हणजे गर्भपातच, असं समजणारे दोन्ही बाजूंना आहेत. २००९ मध्ये चंडीगडच्या सरकारी आश्रमातल्या एका मतिमंद तरुणीच्या बाबतीत प्रशासन गर्भपात करू पाहत होतं. तिच्यावर बलात्कार झाला होता. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. मूल होऊ देणं किंवा न देणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे आज प्रत्येक निकालात येणारं तत्त्व तिच्या ‘हो’मधून आलं आहे.

महाराष्ट्राने याच्या उलटही पाहिलंय. १९९४ साली पुण्यात सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. सोय कुणाची, निर्णय कुणाचा, असा मोठा गदारोळ झाला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंग बाईच्या संमतीशिवाय गर्भपात करणं शिक्षापात्र केलं आहे. आणि अपंग कार्यकर्ते विचारतात तो प्रश्नही झटकून टाकता येत नाही: दोष आहे म्हणून मर्यादा उठते, याचा अर्थ आमच्यासारख्यांचा जीव कमी मोलाचा का? ‘गंभीर दोष’ म्हणजे नेमकं काय, याची यादी कायद्यात नाही. जन्मानंतर काही तासही जगणार नाही अशा गर्भाची आणि डाउन सिंड्रोमच्या गर्भाची गोष्ट एकच नाही.

पाठीच्या कण्यात दोष असलेलं मूल ठरवून जन्माला घातलेली एक आई पुढे दर महिन्याला फिजिओथेरपीला यायची. तिला खरा राग होता तो ‘तुम्हाला आधी कळलं नव्हतं का हो?’ असं सहज विचारणाऱ्यांचा. समुपदेशन करताना आपल्या आवाजात तो सूर यायला नको.

८. मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात वेगळा, आणि संशयही वेगळा

महाराष्ट्रात हा प्रश्न लिंगनिवडीपासून तोडता येत नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. बीडमधला आकडा ८०७ वर आला होता. लिंग कळतं ते तिसऱ्या महिन्यानंतर, त्यामुळे हे गर्भपातही चौथ्या-पाचव्या महिन्यातले. या धंद्यावर कारवाई व्हायलाच हवी होती.

पण त्या कारवाईची झळ कुणाला लागली तेही बघा. कित्येक मेडिकलवाल्यांनी गोळ्या ठेवणंच सोडलं, खासगी डॉक्टर चौथ्या महिन्याच्या बाईला दारातूनच परत पाठवू लागले, आणि पहिल्या दोन मुली असलेल्या बाईकडे सगळे आरोपीसारखं बघू लागले. लिंगनिदानाचा कायदा मशीन आणि डॉक्टरवर आहे, गर्भपाताचा कायदा बाईसाठी आहे. दोन्ही फायली एका कपाटात ठेवल्या की बिचाऱ्या बाईला आणखी तीन दवाखाने फिरावे लागतात. तेवढ्यात महिना सरतो.

९. केस पेपरवर पुरुष सापडत नाही

नाव, वय, गाव, शेवटची पाळी, मुलं किती. ज्याच्यामुळे गर्भ राहिला त्याच्यासाठी रकाना नाही. हे आजचं नाही. १८८१ साली सुरतेच्या एका विधवेला आपलं अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य केली गेली. त्यावर वर्तमानपत्रांत विधवांच्या चारित्र्याची जी चर्चा झाली तिने संतापून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पुरुष मोकळा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. आपण तो केस पेपरच्या बाहेरच ठेवला आहे.

१०. डॉक्टर घाबरला की बाई मरते

मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये, गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. सतरा आठवडे झाले होते, गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट होतं. पण हृदयाचे ठोके चालू होते म्हणून डॉक्टर थांबले. जंतुसंसर्ग वाढला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. २०१८ मध्ये तिथल्या जनतेने सार्वमताने घटनेतली गर्भपाताला अडवणारी दुरुस्ती काढून टाकली.

आपल्या कायद्यात बाईचा जीव वाचवायला आठवड्यांची अट नाही, हे नव्या डॉक्टरांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. रात्री अडीच वाजता ‘लीगल आहे ना मॅडम?’ असा फोन येतो तेव्हा पाठ असलेलं कलमच उपयोगी पडतं.

११. ‘जन्माला घाल आणि देऊन टाक’ हे सल्ल्यासारखं बोलू नये

कायदेशीर मार्ग आहे आणि तो सांगायचाच. बालकल्याण समितीपुढे मूल सोपवता येतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात, नाव गुप्त राहतं. काही मुलींनी तो समजून-उमजून घेतला. पण सांगणाऱ्याला तो एका वाक्याचा असतो. तिला तो पोट घेऊन वस्तीत, शाळेत, कामावर काढायच्या महिन्यांचा असतो.

१२. आपलं काम दिवस वाचवण्याचं

दोन्ही बाजूंच्या माणसांना उशिरा होणारे गर्भपात कमी व्हावेत असंच वाटतं, निदान तसं ते म्हणतात. मग करण्यासारखं पुष्कळ आहे. आशाताईंच्या पिशवीतलं गर्भतपासणीचं किट वस्तीवर आणि फडावरही मिळावं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बारा आठवड्यांच्या आतला गर्भपात नवऱ्याची सही न मागता व्हावा. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, सही मागणं हा आपणच लावलेला नियम आहे. अठराव्या आठवड्याचा स्कॅन अठराव्याच आठवड्यात व्हावा, महिनाभराची तारीख देऊन नव्हे. मंडळ तीन दिवसांत बसावं.

हे सगळं करूनही काही जणी उशिराच येतील. त्या वेळी गर्भाचं वजन मोठं असेल, आणि कारणांचंही. त्या दोन्हींचा हिशेब तिच्याइतका जवळून कुणी केलेला नसतो. न्यायमूर्तींनी, मंडळाने, आपण तर नाहीच. म्हणून शेवटचा शब्द तिचा असावा, या मताला मी आले. ते कुणाला पटलं नाही तरी वॉर्डात काम करता येतं, आमच्या सिस्टर करायच्याच. पण ती आली त्या दिवसापासून तिचा एकही दिवस आपल्या टेबलावर वाया जाता कामा नये. फाइल उद्यावर टाकली की आपणही तिच्या उशिरात भागीदार होतो.